वाचकांचे प्रश्न : पाळीच्या तारखा आणि त्यांचा अर्थ

प्रश्न : माझे वय २९ असून गेले आठ महिने आम्ही बाळासाठी प्रयत्न करत आहोत. यंदा माझी पाळी ३ जानेवारी, ६ फेब्रुवारी, ११ मार्च, १५ एप्रिल आणि १७ मे या तारखांना आली. मोबाइलमधले ॲप दर वेळी चौदावा दिवस दाखवते आणि आम्ही तोच पाळतो. ५ मे रोजी, म्हणजे एकविसाव्या दिवशी केलेल्या रक्ततपासणीत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक कमी आले, तेव्हा ‘बीज तयारच होत नाही’ असे मला सांगण्यात आले. पाळी दर महिन्याला पुढे सरकते हाच दोष आहे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. मी काय समजावे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : तुम्ही तारखा लिहून ठेवल्यात, म्हणूनच या पत्राला नेमके उत्तर देता येते. तुमच्या चार चक्रांची लांबी ३४, ३३, ३५ आणि ३२ दिवस आहे. प्रौढ स्त्रीचे चक्र २४ ते ३८ दिवसांचे असले आणि तुमच्या वयात सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या चक्रात साधारण सात दिवसांपर्यंत फरक पडत असला, तर ते नियमितच मानले जाते. तुमचा फरक अवघा तीन दिवसांचा आहे. पाळी दर महिन्याला त्याच तारखेला यावी ही अपेक्षाच चुकीची आहे, कारण शरीर दिवस मोजते, कॅलेंडरचा महिना मोजत नाही. सासूबाईंना हा हिशेब जरूर दाखवा.

आता मुख्य मुद्दा. चक्राचा पहिला भाग, म्हणजे स्त्रीबीज परिपक्व होण्याचा काळ, कमीजास्त होतो. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ मात्र बराचसा ठरलेला, साधारण १२ ते १४ दिवसांचा असतो. जपानचे क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस या दोन डॉक्टरांनी १९२०च्या दशकात स्वतंत्रपणे हे दाखवून दिले, की बीज सुटण्याचा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजला पाहिजे. चौदावा दिवस खरा ठरतो तो २८ दिवसांच्या चक्रात. तुमची पाळी १७ मे रोजी आली, त्यातून १४ दिवस वजा केले तर बीज ३ मेच्या सुमारास, म्हणजे एकोणिसाव्या दिवशी सुटले असावे. प्रोजेस्टेरॉन वाढते ते बीज सुटल्यानंतर, आणि त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते ते सुमारे सात दिवसांनी. तुमचे रक्त घेतले गेले दोनच दिवसांनी! ही तपासणी १० मेच्या आसपास व्हायला हवी होती. त्या एका अहवालावरून ‘बीज तयार होत नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि त्या वाक्याने तुमच्या मनाला जो घोर लागला असेल त्याचे मला फार वाईट वाटते. पुढच्या चक्रात पाळीच्या अपेक्षित तारखेच्या सात दिवस आधी तपासणी पुन्हा करून घ्या. पाळी लांबली तर आठवड्याने आणखी एकदा.

स्त्रीबीज १२ ते २४ तास टिकते, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून गर्भधारणेस अनुकूल असे सहाच दिवस असतात : बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो दिवस. तुमच्या बाबतीत एप्रिलच्या चक्रात ते २८ एप्रिल ते ३ मे होते, आणि ॲपने दाखवलेला चौदावा दिवस त्यांतला अगदी पहिला होता. यापुढे बाराव्या दिवसापासून बाविसाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवलात तर तारखांचा ताण घेण्याचे कारण उरणार नाही. शरीरही खूण देते : त्या दिवसांत अंगावरून जाणारा स्राव पारदर्शक व निसरडा होतो, आणि भेंडी चिरताना सुटते तशी त्याची तार निघते. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घेतलेले तापमान बीज सुटल्यावर ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते आणि पाळी येईपर्यंत वाढलेलेच राहते. पण ही खूण घटना घडून गेल्यावर मिळते, त्यामुळे प्रयत्नांपेक्षा पडताळणीसाठी ती अधिक उपयोगी आहे.

मोजताना एक चूक मी ओपीडीत रोज पाहते. काही जणी चौथ्या-पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हातात आणि तिथून दिवस मोजतात; काही जणी आदल्या दिवशी दिसलेला तपकिरी डागही धरतात. लाल रक्तस्राव नीट सुरू होतो तोच पहिला दिवस. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे मांडतो तिथेच एक बारीक टिंब पुरते, आणि ते कशाचे आहे हे घरात सर्वांना सांगितलेच पाहिजे असेही नाही.

पस्तिशीच्या आत एक वर्ष आणि त्यानंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर दोघांचीही तपासणी करावी. पतीची वीर्यतपासणी साधी आहे. तुमच्या आणखी चाचण्या होण्याआधी ती व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फोलिक ॲसिडची गोळी आजपासूनच सुरू करा.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे. वर्षभरापूर्वी पाळी सुरू झाली, पण कधी २५ दिवसांनी येते, कधी ४२. नातेवाईक पीसीओएसची (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांच्या विकाराची) सोनोग्राफी करा म्हणतात. (एक आई, नाशिक)

उत्तर : सोनोग्राफीची घाई करू नका. मेंदू आणि अंडाशय यांच्यातील संदेशांची घडी बसायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि तोवर २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत निरोगी मुलींच्या अंडाशयातही पुष्कळ बीजकोश दिसतात, त्यामुळे त्या वयात सोनोग्राफीवरून पीसीओएसचे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. मात्र पाळी एकदाही ९० दिवसांहून लांबली, सात दिवसांहून जास्त अंगावरून जात राहिले, किंवा तास-दोन तासांत पॅड भिजू लागले, तर लगेच दाखवा; हिमोग्लोबिन तर तपासावेच, शिवाय रक्त गोठण्यात काही दोष आहे का हेही पाहावे लागते. तारखा तुम्ही नव्हे, तिने तिच्या वहीत लिहाव्यात.

प्रश्न : गौरीपूजनासाठी दर वर्षी पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेते. त्या महिन्याची तारीख कशी मोजायची? (एक वाचक, पुणे)

उत्तर : गोळ्या थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत रक्तस्राव येतो. तो पहिला दिवस धरून पुढे मोजा, पण त्या तारखेवर फुली करा आणि ते लांबलेले चक्र सरासरीत घेऊ नका. या गोळीने गर्भधारणा टळत नाही, हे लक्षात असू द्या. रक्तस्राव आलाच नाही तर गर्भचाचणी करा. पायात किंवा फुफ्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा विकार किंवा स्तनाचा कर्करोग असेल, तर ती घेऊच नये, आणि दुकानातून परस्पर तर कधीच आणू नये. गौरी माहेरवाशीण म्हणून घरी येते. तिच्या स्वागतासाठी घरातल्या लेकीसुनांनी गोळ्या घ्याव्यात हे मला पटत नाही, आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हेच सांगते. तरीही घ्यायची असेल, तर पाळीच्या अपेक्षित तारखेच्या किमान तीन दिवस आधी ती सुरू करावी लागते, म्हणून भाद्रपद लागण्यापूर्वीच तुमच्या तारखांची नोंद घेऊन डॉक्टरांना भेटा.