'जिंजरली'त आलं नाही

इंग्रजीतलं 'जिंजरली' (gingerly) म्हणजे जोमात, तडफेने, असं सदाशिव पेठेतल्या एका क्लासात शिकवलं. ते बरोबर का आणि त्याचा आल्याशी काय संबंध, असं एका वाचकाने विचारलं आहे.

साफ चूक! पुण्यात हे इतक्यांदा कानावर येतं की आता चीड येते. 'जिंजर अप' म्हणजे चेव आणणं, तो वाक्प्रचार खुशाल आल्यावरून आला. या क्रियाविशेषणाचा अर्थ नेमका उलटा. पावसाळ्यात पर्वतीच्या निसरड्या पायऱ्या उतरताना माणूस आधी पाऊल टेकवून बघतो, मगच अंगाचा भार टाकतो, ते जिंजरली. आल्याचं 'जिंजर' दक्षिणेतल्या 'इंजी'च्या कुळातलं, ते इथे सोडून द्या.

हा शब्द १६व्या शतकात दिसतो तो नाचण्या-चालण्याच्या संदर्भात: नाजूक, डौलदार पावलं टाकत. भीतीचा अंश मागाहून शिरला. मूळ जुन्या फ्रेंचमधला 'जेन्सॉर', म्हणजे अधिक नाजूक, अधिक देखणा. तो 'जेन्त'वरून, आणि 'जेन्त' लॅटिन 'जेनितुस'वरून: जन्मलेला, पुढे चांगल्या कुळात जन्मलेला. आपला 'जातिवंत' असाच घडला! लॅटिनचा तो धातू आणि संस्कृतचा 'जन्' सख्खे भाऊ. अधिकपणा दाखवणारे लॅटिन '-इओर' आणि संस्कृत '-ईयस्' हे प्रत्ययही एकाच मुळाचे. आता 'जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी' म्हणून बघा. 'जननी'त तो धातू, 'गरीयसी'त तो प्रत्यय. 'जेन्सॉर'चे दोन्ही भाऊबंद एका ओळीत!

स्कीटसारख्या मातब्बर कोशकाराने एकेकाळी स्वीडिश बोलीतल्या 'गिंगला'कडे, म्हणजे हळू, डुगडुगत चालण्याकडे बोट दाखवलं होतं. मला ते मुळीच पटत नाही. डुगडुगणाऱ्याला डौल कुठला? आणि इंग्लंडच्या दरबारात फ्रेंच शतकानुशतकं नांदत असताना नाचाचा शब्द आणायला स्वीडनच्या खेड्यात कोण जाईल? बाकीचे कोश 'जेन्सॉर'पुढे 'बहुधा' लिहून थांबतात. मी तो 'बहुधा' खोडून टाकीन.

राहिलं मराठी. छोट्या कोशांतलं 'सावधपणे' पुरत नाही. सावध तर पहारेकरीही असतो. शेक्सपिअरच्या 'टू जेंटलमेन ऑफ व्हेरोना'त दासी खाली पडलेलं पत्र उचलते आणि ज्युलिया विचारते, एवढं जिंजरली काय उचललंस? तिथे 'अलगद'च हवं. गरम पातेलं उतरवताना 'जपून' आणि अनोळखी कुत्र्याच्या बाजूने जाताना 'बिचकत'.