सेक्टर फंड कधी घ्यायचे आणि कधी विकायचे, ह्याचे काही ठरलेले नियम असतात का? (माझ्याकडे आयटी, फार्मा, बँक असे पाच फंड आहेत)

नियम असतात, पण खरी गोची विकण्याच्या नियमाची आहे. घ्यायला सगळ्यांनाच जमतं, वर्षभर जो सेक्टर पळाला त्याचा फंड मित्र सुचवतात आणि आपण घेतो. २००७ च्या शेवटी रिअल इस्टेट, इन्फ्राच्या तेजीत असेच लोक घुसले होते, निफ्टी रिअल्टीने (रिअल इस्टेट कंपन्यांचा इंडेक्स) जानेवारी २००८ चा टॉप २०२४ च्या तेजीतही परत बघितला नाही. डायव्हर्सिफाइड फंडात (वेगवेगळ्या सेक्टरमध्ये पैसा टाकणाऱ्या) मॅनेजर तरी बाहेर पडतो, इथे सेबीच्या नियमाने ८० टक्के पैसा त्याच सेक्टरमध्ये ठेवावा लागतो, म्हणजे बाहेर पडायचं काम तुमचं.

मी काय करते ते सांगते. सहा सेक्टर, प्रत्येकाच्या इंडेक्सचा महिनाअखेरचा क्लोज एका शीटमध्ये टाकते, महिन्यात एकदाच, मधे बघायचंच नाही. इंडेक्स स्वतःच्या दहा महिन्यांच्या सरासरीच्या वर असेल आणि वर्षभराच्या रिटर्नमध्ये पहिल्या तिघांत असेल तर घ्यायचा. सरासरीच्या खाली गेला किंवा पाचव्या नंबरच्याही मागे पडला तर विकायचा आणि दुसरा कोणी नियमात बसत नसेल तर पैसे लिक्विड फंडात (थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायचा कमी जोखमीचा फंड). तिसऱ्याला घेणं आणि सहाव्याला विकणं ह्यातली गॅप मुद्दाम ठेवलीये, आधी चौथ्या नंबरला गेला की विकायचे तर दर महिन्याला नुसती अदलाबदल व्हायची आणि सगळा फायदा टॅक्स आणि एक्झिट लोडमध्येच (लवकर विकलं की फंड कापतो ती रक्कम) जायचा.

हिशोबच करा ना. १ लाख टाकले, सात महिन्यांत १२ टक्के वाढले, फंडाला वर्षाच्या आत १ टक्का लोड आहे असं धरा. लोड गेला, उरलेल्या नफ्यावर २० टक्के शॉर्ट टर्म टॅक्स आणि सेस, की १२ हजारांतले हातात साधारण ८६०० येतात. वर्षानंतर विकलं तर १२.५ टक्के, तेही वर्षाला १.२५ लाखाच्या वरच्या नफ्यावर. ईटीएफला (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) लोड नसतो पण काही सेक्टर ईटीएफमध्ये व्हॉल्यूम इतका कमी की घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावातच तेवढं जातं, आधी बघून घ्या.

नियम कधीकधी मूर्खासारखा वागतो हे पण सांगते. मार्च २०२० मध्ये त्याने ऐन तळाला विकायला लावलं, फार्मा एप्रिलमध्येच परत आत आला पण बँका जवळजवळ दिवाळीपर्यंत बाहेर आणि तोवर अर्धी रिकव्हरी होऊनही गेली होती, फार चिडचिड झाली माझी. त्या रागातच असेल, एप्रिल २०२२ ला आयटी सरासरीच्या खाली गेला तेव्हा मी म्हटलं ह्यावेळी नाही विकायचं, चांगल्या कंपन्या आहेत, डॉलर वर आहे, वगैरे वगैरे. सप्टेंबरला वैतागून विकला तेव्हा आणखी चौदा-पंधरा टक्के गेले होते. तेव्हापासून शीटमध्ये "मोडला" नावाचा एक कॉलम आहे, नियम मोडला की तारीख आणि कारण लिहायचं. आत्तापर्यंत चार नोंदी, त्यातली एकच फायद्याची निघाली, तीही नशिबाने.

आणि हा सगळा खेळ माझ्या इक्विटीच्या १५ टक्क्यांत आहे हं, बाकी साध्या इंडेक्स फंडात एसआयपी चालू, तिथे काही नियम-बियम नाही.

तुमचे पाच फंड आज उठून सगळे विकू नका. आधी प्रत्येकाची खरेदीची तारीख आणि लोड किती ते स्टेटमेंटमध्ये बघा, एसआयपी असेल तर प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात हे लक्षात ठेवा. ज्याला वर्ष व्हायला दोन-तीन आठवडेच उरलेत तो विकायला तेवढं थांबा, तोट्यात असलेल्यासाठी मात्र थांबू नका, शॉर्ट टर्म तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येतो.