मुंबईहून परदेशात पार्सल पाठवायला टपाल बरं, मोठं कुरिअर की स्टेशनजवळचा एजंट?

तुमचा मुलगा, सून आणि नात इंग्लंडात रेडिंगला आहेत. त्यांना दादरहून दिवाळीचा फराळ, मसाले, दोन स्वेटर आणि नातीसाठी गोष्टींची पुस्तकं असं सात-आठ किलोचं पार्सल पाठवायचंय, आणि तीन ठिकाणी तीन भाव ऐकून तुम्ही गोंधळलात. मी फोर्टात एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याच्या, ऑफिसात बरीच वर्षं परदेशी मालाची कागदपत्रं केली. घरच्यांची आणि शेजाऱ्यांची अशी पार्सलं अजूनही माझ्याच हातून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काउंटरवर सांगतात तो किलोचा भाव धरून तुलना करू नका. इथे भरायचे पैसे आणि तिकडे मुलाच्या दारात मागतील ते पैसे, दोन्हींची बेरीज करा. आईने प्रेमाने पाठवलेला खाऊ सोडवायला मुलाला पैसे भरावे लागले, तर इथे वाचवलेल्या पाचशे रुपयांना काही अर्थ राहत नाही.

इंग्लंडचा नियम असा की एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली भेट 39 पौंडांपर्यंत असेल, म्हणजे साधारण साडेचार हजार रुपये, तर तिच्यावर कर लागत नाही. त्याच्यावर गेलं की व्हॅट, म्हणजे तिकडचा विक्रीकर, येतो, आणि 135 पौंडांच्या पुढे आयातशुल्कही. व्हॅट बहुतेक वस्तूंवर 20 टक्के आहे, पण पुस्तकांवर आणि लहान मुलांच्या कपड्यांवर शून्य. व्हॅट काढताना वस्तूंच्या किमतीत पाठवणावळही मिळवतात. शिवाय जी कंपनी तुमच्या वतीने हा कर भरते ती स्वतःचं हाताळणी शुल्क वेगळं लावते. कर थोडा आणि शुल्क जास्त, असंही होतं.

यात तुमच्या उपयोगाची एक सोय आहे. एकाच खोक्यात तिघांच्या भेटी असतील, प्रत्येकाची वेगळी बांधलेली, नाव लिहिलेली आणि कस्टमच्या फॉर्मवर वेगळी दाखवलेली असेल, तर 39 पौंडांची सूट प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. तेव्हा मुलाचा स्वेटर आणि चिवडा एका पिशवीत, सुनेचं दुसऱ्या, नातीची पुस्तकं आणि खाऊ तिसऱ्या. पिशव्यांवर नावं ठळक घाला आणि फॉर्ममध्ये ‘गिफ्ट’वर खूण करायला विसरू नका. किंमत मात्र खरी लिहा. काही एजंट सगळ्या खोक्याची किंमत पाच-दहा पौंड दाखवतात आणि ‘कर लागणार नाही’ असं सांगतात. पार्सल हरवलं तर भरपाईही तेवढीच मिळते, आणि कस्टमला संशय आला तर खोकं अडकून पडतं.

आता खोक्याचं. कुरिअरवाले वजनकाट्यावरचं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि 5000ने भागायचं. 45, 35, 30चं खोकं घेतलंत तर 9.45 किलो येतात, आणि पुढच्या अर्ध्या किलोला धरून साडेनऊचे पैसे जातात, आत चिवडा-चकलीचे सहाच किलो असले तरी. तेच प्रत्येक बाजूने पाच सेंटिमीटर कमी केलं, म्हणजे 40, 30, 25, की बरोबर सहा किलो. भावावर घासाघीस करून इतके पैसे कधीच सुटत नाहीत. चिवडा हवा काढून सपाट पाकिटांत भरा, स्वेटर खोक्याच्या कडेने लावा म्हणजे बबल रॅपचं कामही तेच करतात. चकली आणि कडबोळी कडक डब्यातच हवीत, पिशवीत घातली की तिकडे चुराच पोचतो. डब्यात वर रिकामी जागा राहू देऊ नका, कागद कोंबा.

तीन पर्यायांपैकी टपाल आधी घेते. आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट म्हणजे ईएमएस. सीएसएमटीच्या शेजारच्या जीपीओत किंवा जवळच्या मोठ्या टपाल कार्यालयात बुकिंग होतं. खोकं उघडंच न्या, आत काय आहे ते बघू शकतात, पॅकिंग टेप सोबत ठेवा. आधारची प्रत लागते. कस्टमच्या फॉर्मवर नुसतं ‘फूड आयटम’ लिहू नका, प्रत्येक पदार्थ इंग्रजीत समजेल असा, वजन आणि किमतीसकट लिहा. पावतीवर ई अक्षराने सुरू होणारा आणि आयएनने संपणारा 13 अक्षर-आकड्यांचा नंबर असतो. इंग्लंडात ईएमएसचं वाटप पार्सलफोर्स ही तिकडची पार्सल कंपनी करते, त्यामुळे पार्सल तिकडे उतरलं की मुलगा तोच नंबर त्यांच्या साइटवर बघू शकतो. दर छापील आहेत, माणूस बघून बदलत नाहीत, आणि मला टपालाचा सगळ्यात मोठा गुण हाच वाटतो. उणीव वेळेची. आठवडा ते दोन आठवडे धरा, आणि कस्टममध्ये थांबलं तर कुणाला फोन करावा ते लवकर कळत नाही.

डीएचएल, फेडेक्स, यूपीएस वगैरे थेट कंपन्या सगळ्यात जलद, तीन ते पाच कामाच्या दिवसांत दारात. कागदपत्रं, कॉलेजची सर्टिफिकेटं यांसाठी मी दुसरं काही सुचवणारच नाही. पण घरगुती खाण्याचे पदार्थ थेट काउंटरवर बऱ्याचदा नाकारतात, आणि एकट्या-दुकट्या गिऱ्हाइकाला लावलेला भाव चढा असतो.

म्हणूनच एजंट टिकून आहेत. दादर, ठाणे, अंधेरी, कुठल्याही स्टेशनबाहेर दिवाळीआधी ‘फराळ परदेशात’ अशा पाट्या लागतात. त्यांची मोठ्या कंपन्यांशी ठोक खाती असतात, त्यामुळे तेच खोकं त्याच कंपनीने पण कमी भावात जाऊ शकतं. वेळ कमी असेल आणि प्रामाणिक एजंट मिळाला तर तुमच्यासारख्या पार्सलला हाच मार्ग मला सोयीचा वाटतो. पण त्याला स्पष्ट विचारा की एअरवेबिल, म्हणजे पार्सलची नंबर असलेली विमान-पावती, कुठल्या कंपनीची फाटणार? काहींची ‘सेल्फ सर्व्हिस’ असते, म्हणजे माल एकत्र करून लंडनपर्यंत नेतात आणि तिथे स्थानिक कुरिअरच्या हवाली करतात. स्वस्त पडतं, चालतंही, पण मधले काही दिवस नंबर काहीच दाखवत नाही. आमच्या ओळखीच्या एका काकूंचं खोकं असंच मध्येच अडकलं आणि दुकानदाराचं उत्तर रोज ‘उद्या येईल’. त्यामुळे तिकडच्या वाटप कंपनीचा नंबर किती दिवसांत देणार ते आधीच लिहून घ्या. इंधन अधिभार आणि 18 टक्के जीएसटी धरून शेवटची रक्कम किती, कर तिकडे भरायचा की इथेच घेणार, पार्सल परत आलं तर खर्च कुणाचा, हे विचारा आणि पक्कं बिल मागा. बिल द्यायला कां-कूं केलं तर खोकं उचलून घरी यायचं.

पदार्थांबद्दल थोडं. इंग्लंडात आपल्याकडून दूध-मांसाचे पदार्थ पाठवता येत नाहीत, तेव्हा पेढे, बर्फी, खवा, तुपाची बरणी वगळा. तेल सुटणारं लोणचं विमानाच्या पार्सलमध्ये नकोच. चिवडा, चकली, शेव, शंकरपाळे, कोरडे मसाले ठीक. तुमच्या यादीत अनारसे आहेत का माहीत नाही, पण आखातात पार्सल पाठवणाऱ्या आयांसाठी मुद्दाम सांगते: दुबईकडे खसखस असलेलं काहीही पाठवू नका, ना अनारसे, ना करंजीच्या सारणात. तिकडे तिच्यावर बंदी आहे आणि पोलिसांचं लचांड मागे लागू शकतं.

अमेरिकेचं गणित अगदी वेगळं झालंय. 29 ऑगस्ट 2025 पासून तिकडची 800 डॉलरपर्यंतची करमाफी बंद झाली, त्याच सुमारास आपल्या टपाल खात्याने पार्सलं थांबवली आणि 15 ऑक्टोबर 2025 पासून इथेच कर भरून घेऊन पुन्हा सुरू केली. 100 डॉलरपर्यंतच्या भेटींना सूट ठेवली होती. हे दर बदलत राहतात, तेव्हा बुकिंगच्याच दिवशी विचारा.

तुमच्यासाठी माझं मत: दिवाळीला महिना हातात असेल तर टपाल. पंधरा दिवस उरले असतील तर मोठ्या कंपनीचं एअरवेबिल देणारा एजंट. पत्त्यात पोस्टकोड अचूक हवा आणि मोबाइल नंबर मुलाचा तिकडचा हवा, इथला नव्हे.

आधारची प्रत देताना शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतं का ते आधी विचारा, आणि प्रतीवर ‘फक्त पार्सलसाठी’ असं तारखेसह लिहा. पार्सल गेल्यावर ‘तुमच्या खोक्यात अमली पदार्थ सापडले, पोलिसांशी व्हिडिओ कॉलवर बोला’ असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. मोठ्या कुरिअरचं नाव सांगून असे फोन मुंबईत कितीतरी जणांना आलेत. कस्टम किंवा पोलीस व्हिडिओ कॉलवर पैसे मागत नाहीत. चुकून पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.