बोलक्या घड्याळाला मराठी वेळ शिकवताना

आजोबांना आता दिसत नाही. त्यांच्यासाठी वेळ सांगणारं घड्याळ करतोय. अर्डुइनो ऊनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डात आवाज भरला, तर चार सेकंदांआधीच मेमरी संपली. (कोथरूड)

संपणारच. ऊनोची फ्लॅश मेमरी, म्हणजे प्रोग्रॅम साठवायची जागा, 32 किलोबाइट. 8 बिटचा आवाज सेकंदाला 8000 सॅम्पलने (म्हणजे आवाजाची 8000 मोजमापं) घेतला तरी प्रत्येक सेकंद 8000 बाइट खातो. तापकीर गल्लीत डीएफप्लेअर मिनी या आवाज वाजवणाऱ्या छोट्या मॉड्यूलची चौकशी करा. फायली एसडी कार्डावर राहतात, ऊनोने फक्त नंबर सांगायचा. ऊनो आणि मॉड्यूलची आरएक्स (सिग्नल घेणारी) पिन यांच्या मध्ये 1 किलोओहमचा रेझिस्टर जोडा, घरघर कमी होते.

खरं काम पुढेच आहे. इंग्रजीत 'ट्वेंटी'ला 'फाइव्ह' जोडलं की झालं. आपल्याकडे पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस हे सगळे वेगळे शब्द, त्यामुळे एक ते एकोणसाठ प्रत्येक आकडा बोलून घ्यावा लागतो. शिवाय आजोबा 'एक वाजून तीस मिनिटं' म्हणत असतील का? ते 'दीड वाजला' म्हणणार. साडेतीन, साडेचार ठीक, पण साडेएक-साडेदोन नाही, दीड-अडीच. पुन्हा पाऊण, सव्वा, दीड 'वाजला', पण पावणेदोन 'वाजले'! म्हणून पूर्ण, सव्वा, साडे, पावणे अशा वेळांची 48 वाक्यं सलग रेकॉर्ड करा. तुकडे जोडले की प्रत्येक शब्दाशी सूर खाली पडतो आणि वाक्य तुटक वाटतं. आवाज आजींचा घेता आला तर फारच छान. ओळखीचा आवाज पटकन कळतो.

पीडब्ल्यूएमवर (पिन झपाट्याने चालू-बंद करून) आवाज वाजवतो. प्रत्येक शब्दाआधी 'टक्' होतं. स्पीकर 8 ओहमचा, थेट पिनला जोडलाय. (हडपसर)

स्पीकर आधी काढा! पिनवर 20 मिलीअँपिअरच्या वर भार टाकू नये. मध्ये छोटा अँप्लिफायर हवाच. 'टक्'चं कारण साधं आहे: 8 बिटच्या आवाजात शांतता म्हणजे 0 नाही, 128. तुमचा प्रोग्रॅम 0 वरून एकदम तिथे उडी मारतो. हळूहळू चढवा, शेवटी तसंच उतरवा.

'सात' म्हटलेलं 'फात' ऐकू येतं. सॅम्पल सेकंदाला 8000 आहेत. (सहकारनगर)

त्या दराच्या निम्म्या, म्हणजे 4000 हर्ट्झच्या वरचं काही उरत नाही, आणि 'स'ची सळसळ बरीचशी त्याच्या वरच असते. 16000 ने घ्या, जागा दुप्पट लागेल. जुन्याच फायलीचा दर वाढवून मात्र उपयोग नाही. त्यात 'स' नाहीच. सात, सव्वा, साडे पुन्हा बोलून घ्या.