फ्लूममधली वाळू दोन मिनिटांत वाहून जाते: नदीतळावरचा गाळ शिकवण्याबद्दल

तुमचा प्रश्न असा: पदवीच्या वर्गासाठी पन्हळीचा फ्लूम (पाणी वाहतं ठेवून प्रयोग करायची नाली) केला, त्यात वाळू पसरली, वरून नळ सोडला, दोन मिनिटांत सगळी वाळू खालच्या बादलीत. मुलांनी वहीत लिहिलं, ‘वेग वाढला की गाळ वाहतो.’ आता पुढे काय?

पुढे हे, की ‘गाळ किती वाहतो’ ते तूर्त बाजूला ठेवा आणि ‘कण हलायला कधी लागतो’ एवढंच शिकवा. हलण्याचा तो उंबरठा ओलांडला जातो की नाही, हे पाण्याची खोली आणि उतार यांच्या गुणाकारावर ठरतं, आणि या दोन्ही गोष्टी साध्या पट्टीने मोजता येतात. तुमच्या मांडणीत उतार फार होता आणि धार थेट वाळूवर पडत होती, म्हणून उंबरठा दिसायच्या आतच ओलांडला गेला.

अर्धगोल पन्हळ सोडून द्या. तिच्यात मध्ये खोली जास्त, कडेला कमी, मोजणार काय? दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून ५ मिमी ॲक्रिलिकची २ मीटर लांब, १० सेंमी रुंद, १२ सेंमी उंच अशी वरून उघडी चौकोनी नाली करून घ्या. खालच्या टोकाला ३ सेंमी उंचीची आडवी पट्टी चिकटवा, तेवढा वाळूचा थर टिकतो. पाणी फिरवायला कूलरचे दोन पंप लावा आणि नळीवर व्हॉल्व्ह बसवा. पंपावर छापलेला प्रवाहाचा आकडा पाणी वर न चढवता मिळणारा असतो, उंची वाढली की तो झपाट्याने उतरतो. वाळू आधी वेगळ्या बादलीत बसू द्या, नाहीतर पंप आठवडाभरात जाईल. वीजजोडणी ईएलसीबीमधूनच (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या, यात तडजोड नको. पाणी आत येतं तिथे स्ट्रॉचे तुकडे आडवे रचून ठेवले की धार शांत होते. तरीही पहिले ४० सेंमी निरीक्षणातून वगळा.

वाळू १.१८ मिमीच्या चाळणीतून पडलेली आणि ०.६ मिमीवर राहिलेली घ्या, म्हणजे सरासरी ०.९ मिमी. नितळ पाणी येईपर्यंत धुवा. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) टाळा: तिची भुकटी पाणी गढूळ करते आणि कोनदार कण एकमेकांत अडकून बसतात. ०.६ मिमीहून बारीक वाळूही सुरुवातीला नको, कारण तळावर लगेच लहरी उठतात आणि पाण्याचा बराचसा जोर त्या लहरींच्या आकारावर खर्च होतो. लहरींचा तास वेगळा घ्या, तो सुंदर होतो.

उतार १:२०० ठेवा, म्हणजे २ मीटरला फक्त १ सेंमी. तपासायला टोक बंद करून नालीत स्थिर पाणी भरा आणि वाळू पसरण्यापूर्वी दोन ठिकाणी खोली मोजा; फरक भागिले अंतर म्हणजे उतार. मग वाळू पसरून सपाट करा आणि खालच्या टोकाकडून हळूहळू पाणी भरा. वरून ओतलं की तळ विस्कटतो.

आता पंप सुरू करण्याआधी मुलांकडून गणित करून घ्या. तळावरचा शिअर स्ट्रेस (वाहतं पाणी तळाच्या दर चौरस मीटरला पुढे ओढतं तो जोर) = पाण्याची घनता × गुरुत्वत्वरण × खोली × उतार. शील्ड्स या संशोधकाने १९३६ मध्ये मांडलेल्या, कण कधी हलतो याच्या निकषानुसार या वाळूला हलायला अंदाजे ०.५ पास्कल लागतो. म्हणजे १:२०० उतारावर साधारण १ सेंमी खोली. हा आकडा फळ्यावर राहू द्या आणि मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. प्रत्यक्षात खोली थोडी जास्त लागेल, कारण नाली अरुंद आहे आणि भिंतीही जोर खातात. ही तफावत मुलांनाच शोधू द्या, धड्याचा गाभा तिथे आहे.

‘हलला’ म्हणजे नेमकं काय, यावर गटागटांत वाद होणारच. म्हणून १० × १० सेंमीचा चौकोन ठरवा आणि ३० सेकंदांत किती कण जागा सोडतात ते मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये मोजा. कण सलग चालत नाहीत: थांबतात, घरंगळतात, छोटी उडी मारतात, पुन्हा बसतात. प्रवाहातल्या क्षणिक झोतांमुळे उंबरठ्याच्या खालीही एखादा कण सुटतो. हे पाहिल्यावर उंबरठा म्हणजे बारीक रेघ नसून पट्टा आहे, हे मुलांना सांगावं लागत नाही.

मग कुठे ‘किती’. बादलीत जमलेली वाळू दर ५ मिनिटांनी वेगळी काढा आणि नंतर वाळवून तोला. मायर-पीटर आणि म्युलर यांच्या १९४८च्या सूत्रात वहन उंबरठ्यापेक्षा जादा असलेल्या जोराच्या दीड घाताने वाढतं, म्हणजे तो जादा जोर दुप्पट झाला तर वाळू जवळपास २.८ पट. वरून तेवढीच वाळू पेरत राहा, नाहीतर तळ खचत जातो. एकदा मुद्दाम पेरणी थांबवून तो खचू द्या. धरणाखाली नदीचा तळ का खरवडला जातो ते तिथेच दिसतं.

हेच गणित सह्याद्रीतल्या नदीला लावा. उतार १:५००, पुरात खोली ३ मीटर: जोर सुमारे ५९ पास्कल, म्हणजे ७ सेंमीचा बेसाल्टचा गोटा हलू शकतो. उन्हाळ्यात खोली ३० सेंमी राहिली की फक्त ७ मिमीचा खडा. पडताळणीसाठी मे महिन्यात कोरड्या पात्रातले ३० गोटे पिवळ्या तैलरंगाने रंगवा, मधला अक्ष (लांबी, रुंदी, जाडी यांतलं मधलं माप) मोजा, क्रमांक घाला, जागा जीपीएसवर टिपा आणि दिवाळीनंतर शोधा. बरेचसे सापडणार नाहीत, काही गाडलेले असतील. न सापडलेल्यांची नोंदही तक्त्यात ठेवा. पावसाळ्यात मुलांना पात्रात उतरवू नका, आणि वर धरण असेल तर विसर्गाची चौकशी केल्याशिवाय इतर वेळीही नाही.