लेन ईशान्येला सरकल्यात? लायडारला हात लावू नका

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या तुमच्या नव्या सर्व्हे-ड्राइव्हमधल्या लेन जुन्या एचडी मॅपपेक्षा (स्वयंचलित गाड्यांसाठीचा लेननिहाय बारीक नकाशा) जवळपास मीटरभर ईशान्येला पडतायत आणि व्हेंडर म्हणतोय लायडार (लेसरने अंतरं मोजणारा सेन्सर) पुन्हा कॅलिब्रेट करा. तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं.

आधी एवढं बघा: पुण्याकडे जाताना आणि मुंबईकडे येताना सरक एकाच दिशेला आहे का? बोअरसाइट (सेन्सर बसवलेला कोन) किंवा लिव्हर आर्म (सेन्सर आणि जीपीएस अँटेनामधलं अंतर) चुकलं असेल तर गाडी वळली की सरकही उलटते. आयएमयूचा (गाडीची हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचा) ड्रिफ्ट, म्हणजे साचत जाणारी चूक, असता तर भाताण, माडप बोगद्यांत वाढून बाहेर ओसरला असता. सगळीकडे सारखीच ईशान्य म्हणजे माझ्या मते एपॉकचा घोळ, म्हणजे निर्देशांक कुठल्या तारखेचे धरलेत त्याचा. आपली भारतीय भूपट्टी (प्लेट) वर्षाला साधारण 5 सेंटीमीटर ईशान्येला सरकते. जुना नकाशा 2005 च्या एपॉकवरच्या कंट्रोल पॉइंटवर (अचूक मोजलेल्या जमिनीवरच्या खुणांवर) बांधलेला आणि नवा ड्राइव्ह पीपीपीने (उपग्रहांवरून थेट अचूक जागा काढायच्या पद्धतीने) आजच्या तारखेला प्रोसेस केलेला असेल, तर तुमचा मीटर तिथेच आला. 3.75 मीटरच्या लेनमध्ये तेवढ्यात गाडी पट्ट्याला टेकते.

आमचे महिने खाल्ले ते एका कार्यालयाने. नाव घेत नाही. कंट्रोल पॉइंटची यादी दिली, आकडे मिलिमीटरपर्यंत, एपॉकचा पत्ता नाही. फोन केला तर "डब्ल्यूजीएस 84 लिहिलंय ना?" (ही जीपीएसची निर्देशांक पद्धत, त्यातून वर्ष कळत नाही.) ईमेलला उत्तर: लेखी अर्ज करा. अर्जाला उत्तर: यादी पाहावी. तोवर आमची पोरं ठणठणीत सेन्सर पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट करत बसलेली. अहो, मिलिमीटर छापता आणि वर्ष छापायला काय होतं?

म्हणून कंट्रोल पॉइंटचे पैसे देण्याआधी फ्रेम (निर्देशांकांची संदर्भ चौकट) आणि एपॉक लेखी घ्या. नाहीच दिलं तर त्याच पॉइंटवर स्वतः स्टॅटिक निरीक्षण (रिसीव्हर एका जागी बराच वेळ ठेवून मोजणी) घेऊन फरक वर्षांच्या हिशेबात बसतो का ते पडताळा. उपग्रहचित्रावर नकाशा ओढूनताणून बसवायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो अजिबात ऐकू नका. ओपनड्राइव्ह या रस्ता-नकाशाच्या फाइल फॉरमॅटच्या जिओरेफरन्समध्ये प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत) जातं, एपॉक आपणच वेगळा नोंदवून ठेवायचा.

क्लायंट परदेशी असेल तर 2021 ची भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वं वाचा: आडव्यात 1 मीटर, उभ्यात 3 मीटरपेक्षा बारीक डेटा भारतातच ठेवावा लागतो. मी वकील नाही, खात्री करून घ्या. आणि पुढे समृद्धी महामार्ग करणार असाल तर वर्ध्याच्या अलीकडे, 78 अंश रेखांशाला, यूटीएम (नकाशासाठी पृथ्वीचे पट्टे पाडायची पद्धत) झोन 43 चा 44 होतो.

तुमची गाडी मी पाहिलेली नाही, तेव्हा हा अंदाजच. दोन्ही दिशांचे आकडे टाका, मग बोलू.