ग्रोथ फॅक्टर (पेशीला वाढीचा संदेश देणारं प्रथिन) पेशीवरच्या रिसेप्टरला (तो संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) नेमका कसा जोडला जातो? कुलूप-किल्लीसारखाच का?

कुलूप-किल्लीचं चित्र इथे अपुरं पडतं. सोलापुरात बीएस्सीच्या मुलांना शिकवताना मी ईजीएफपासूनच, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरपासूनच, सुरुवात करते. हे अवघ्या 53 अमिनो आम्लांचं प्रथिन. त्याच्या रिसेप्टरचा पेशीबाहेरचा भाग चार खंडांचा. ईजीएफ पहिल्या आणि तिसऱ्या खंडाच्या मधे बसतं. हायड्रोजन बंध, विरुद्ध विद्युतभार, जलविरोधी पृष्ठभाग, एवढ्यावरच ही पकड असते.

खरी गंमत पुढे आहे. एरवी दुसऱ्या खंडातला एक हात चौथ्या खंडाला टेकून दडलेला असतो. ईजीएफ बसलं की रिसेप्टर उलगडतो, हात मोकळा होतो आणि शेजारच्या तशाच रिसेप्टरला धरतो. म्हणजे ईजीएफ स्वतः दोघांच्या मधे येतच नाही! जोडी जमली की पेशीच्या आतले कायनेज भाग (फॉस्फेट चढवणारे भाग) भिडतात, रिसेप्टरमधल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढतं आणि विभाजनाचा संदेश निघतो.

पीडीजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचं वेगळं: तो मुळातच जोडरेणू, त्यामुळे दोन रिसेप्टर तोच सांधतो. एफजीएफ या आणखी एका ग्रोथ फॅक्टरला हेपरान सल्फेट या पेशीवरच्या शर्करासाखळीचीही मदत लागते.

आणि सेटुक्सिमॅब हे कर्करोगावरचं औषध तिसऱ्या खंडावर बसून ईजीएफची जागाच अडवतं. त्यामुळे हे चार खंड नुसते पाठ करू नका, एकदा कागदावर काढून बघाच.